कासमचाचांची मशीन

कासमचाचांची शिलाई मशीन जवळजवळ रोज मरायची. मरायची हा शब्द माझा नव्हे, त्यांचा. इतरांच्या मशीन बिघडतात, अडकतात, कुरकुरतात. चाचांची मशीन एकदम मरायची आणि ती मेल्याची वर्दी ते साऱ्या आळीला द्यायचे.

माझी रत्नागिरीला बदली झाली तेव्हा राजिवड्याकडे उतरणाऱ्या वाटेवर त्यांच्या जांभ्याच्या घराची माडी मी भाड्यानं घेतली. मी कचेरीत कारकून, घाटावरचा माणूस. नवीन लग्न झालेलं. सामान लावून झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढीला बसलो, आणि खालून आरोळी आली, "मेली! मेली गो, मेली!"

अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी जिना उतरलो. मागोमाग कुसुम, माझी बायको, पाण्याचा तांब्या घेऊन. खाली पडवीत एक धिप्पाड म्हातारा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, समाचाराला आलेल्या लोकांपुढे बसावं तसा बसला होता. समोर पायाची शिलाई मशीन. तिच्या तोंडात अर्धी शिवलेली गोधडी.

"कोण... कोण गेलं?" मी विचारलं.

"ही," मशीनकडे हनुवटी करून ते म्हणाले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून बाईमाणसाचा खणखणीत आवाज आला. "सुई उलटी लावली असंल! चपटी बाजू बघा कुठं हाय ती!"

चाचा माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "चपटी बाजू बघायला सांगितलान." मग वाकून त्यांनी बराच वेळ बघितलं. "उजवीकडं हाय गो!"

"ती डावीकडं हवी! रोज काय नवीन सांगू?"

त्यांनी सुई फिरवली, पाय मारला, मशीन चालू लागली. ती चालल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर काही दिसला नाही. "आज जगली," ते म्हणाले. "उद्याचं काय सांगता येत नाय. तुमी तोंड धुवून घ्या, भाऊसाहेब, साबण सुकला."

अशी आमची ओळख झाली.

चाचांचा मूळ धंदा गोधड्यांचा नव्हे. ते गलबतांची शिडं शिवायचे. उभी हयात बंदरावर मांडी घालून, जाड कापडात दाभण खुपसण्यात गेलेली. त्यांच्या उजव्या तळहाताला असा घट्टा पडला होता की चुलीतला निखारा त्यावर ठेवून ते विडी पेटवायचे आणि मग सावकाश निखारा परत चुलीत टाकायचे. पण हळूहळू होड्यांना इंजिनं आली. "मचव्यांना इंजिनं बसली, तसा मीपण घरी बसलो," असं ते सांगायचे. त्यात तक्रारीचा सूर नसायचा. वाईट बातमी सांगताना त्यांचा आवाज फार शांत असायचा. तक्रारीचा सूर चांगल्या बातमीला लागायचा.

गोधड्यांचं काम त्यांच्या बायकोचं, हलिमाखालांचं. खालांचा भाऊ बोटीवर खलाशी होता. त्यानं एका खेपेला परदेशातून ती मशीन आणून दिली आणि खाला आपल्या आपणच ती शिकल्या. आळीतल्या बायका सांगायच्या, खालांची गोधडी इतकी मऊ, की तान्ह्या पोराला आईची कूस सुटलेली कळायची नाही. मग एका दुपारी, मशीनवर बसल्या असतानाच, त्यांची उजवी बाजू गेली. वाचा शाबूत राहिली, पण उजवा हात आणि पाय गेला. त्या दिवशी मशीनमध्ये एका बाळंतिणीची गोधडी अर्धी राहिली होती. ती पुरी करायला म्हणून चाचा मशीनवर बसले, ते बसलेच.

आता शिडं शिवणाऱ्यानं गोधडी शिवली तर ती कशी व्हायची? आम्हीही एक शिवून घेतली. कुसुमची दोन जुनी लुगडी आणि माझी धोतरं. गोधडी आली ती दारातून आडवी आत येईना. प्रत्येक टीप दुहेरी. कडेला आत सुंभ घातलेला. आणि चारी कोपऱ्यांना दोरीचा एकेक मजबूत फास.

"हे कशाला, चाचा?"

"बांधायला."

"गोधडी कशाला बांधायची?"

"वारा सुटला तर?"

"घरात?"

चाचांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की घाटावरच्या माणसाला वारा काय कळणार. कुसुमनं ती गोधडी खोलीत उभी करून पाहिली. ती उभी राहिली. "ही पांघरायची," ती म्हणाली, "की आत जाऊन बसायचं?"

गिऱ्हाइकांशी त्यांचं वागणं तर विचारू नका. बायका जुन्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन यायच्या. चाचा एकेक लुगडं उजेडासमोर धरायचे, बोटांनी चाचपायचे आणि निकाल द्यायचे. "हे दमलं." "हे आणखी एक पावसाळा काढील, पण कसा काढील ते विचारू नका." एकदा एका वकिलीणबाईंचं जरीकाठी लुगडं हातात घेऊन ते म्हणाले, "बाई, तुमी लई रडलाय. पदर बघा, कुजलाय पार." वकिलीणबाई लाल झाल्या. गाठोडं उचलून तरातरा निघाल्या. आतून खाला ओरडल्या, "अवो, गिऱ्हाईक हाय ते, मय्यत नव्हे!"

"खरं ते बोललो," चाचा म्हणाले.

"खरं बोलायला तुमाला कोणी सांगितलान? शिवायला सांगितलान ना?"

वकिलीणबाई फाटकाशी थांबल्या आणि गाठोडं परत आणून ठेवून गेल्या. ती गोधडी चाचांनी नेहमीपेक्षा मऊ शिवली. सुंभसुद्धा घातला नाही.

असं दिवसाकाठी एकदा-दोनदा तरी मशीन मरायची. कधी सुई तुटे, कधी खालचा दोरा गोळा होई, कधी टाके सुटत. खारी हवा, त्यात पावसाळा, लोखंडाला गंज चढायला एक रात्र पुरे. शिवाय गोधडीची जाडी त्या नाजूक यंत्राला झेपणारी नव्हती. हे सगळं खरं. पण प्रत्येक वेळी चाचा पडवीतून हाक मारत, खाला आत खाटेवर पडल्या पडल्या कान देत आणि रोगाचं नाव सांगत. "बॉबिन सैल हाय." "दोरा वरच्या कडीतनं ओवला नाय." "पट्टा घसरतोय, ऐकू येत नाय काय तुमाला?" आणि मग ओरडा. शिडं शिवून हात राकट झाले, डोळे गेले, अक्कल बंदरावर विसरून आलात. चाचा मान खाली घालून ऐकायचे आणि सांगितलं तसं करायचे.

कुसुमला पहिल्यापासून यात काहीतरी खटकत होतं. एकदा आमचा स्टोव्ह बंद पडला तर चाचांनी तो बोलता बोलता उघडून साफ करून दिला. विहिरीचा रहाट मोडला तर आळीतले लोक त्यांच्याकडेच आले. माझी सायकल तर त्यांनी सुटी करून पुन्हा जोडली, आणि जोडताना बघत होते समुद्राकडे. "या माणसाला," कुसुम म्हणाली, "सुईची चपटी बाजू रोज कशी सापडत नाही?"

ते मला एका रविवारी कळलं. सकाळी मी विहिरीवर पाणी काढायला मागच्या बाजूनं उतरलो होतो. पडवीची एक खिडकी परसाकडे उघडायची. चाचा मशीनवर होते. गोधडी सरसर पुढं चालली होती, टीप आखून मारल्यासारखी सरळ. कडेपर्यंत गेली. त्यांनी दोरा तोडला, हात पुसले आणि आतल्या दाराकडे कान दिला. आत काही आवाज नव्हता. मग त्यांनी सुईचा स्क्रू सैल केला, सुई काढली, उलटी फिरवून बसवली, चाक हातानं एक झटका देऊन फिरवलं. सुई कट्कन मोडली.

"मेली! मेली गो, मेली!"

आतून खालांचा आवाज आला, झोपेतून जागा झाल्यासारखा, पण मग लगेच चढला. "परत उलटी लावलीत ना? किती सुया मोडणार तुमी?"

चाचांनी वळून बघितलं तर खिडकीत मी. घागर माझ्या हातात तशीच. ते उठून खिडकीपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "भाऊसाहेब, सकाळपासून तिला कोणी काय विचारलेलं नाय."

एवढंच बोलले आणि नवी सुई शोधायला गेले.

कुसुमला मी हे सांगितलं. त्या दिवसापासून तिलाही खालांना विचारायच्या बऱ्याच गोष्टी सुचायला लागल्या. लोणच्याला मीठ किती, ओलं सरपण धुरकटतंय ते का, भातात कणी राहते ती कशानं. खाला तिलाही ओरडायच्या. "घाटावर तुमाला काय शिकवतात की नाय?" कुसुम हसत माडीवर यायची.

त्या पावसाळ्यात खालांना दुसरा झटका आला. जीव वाचला, पण आतलं काहीतरी सरकलं. बोलता बोलता त्या थांबायच्या. कुसुमला आपल्या मेलेल्या नणंदेच्या नावानं हाक मारायच्या. आणि मशीनच्या बाबतीत, ज्या बाबतीत त्यांचा शब्द कधी चुकला नव्हता, त्या चुकायला लागल्या.

चाचांनी एकदा नेहमीप्रमाणे हाक मारली. खालांनी बराच वेळ विचार केला आणि सांगितलं, "तिला खोबरेल घाला."

मी तिथंच होतो. "चाचा, खोबरेल नको," मी म्हणालो. "ते आत चिकटून बसेल. थंडीत तर गोठेल."

"मला ठाव हाय," चाचा म्हणाले.

"मग?"

"ती बोलली ना." आणि त्यांनी फडताळातली खोबरेलाची बाटली काढून मशीनच्या प्रत्येक भोकात सावकाश तेल सोडलं. आतून खालांनी विचारलं, "घातलंत?" "घातलं गो." "आता बघा कशी पळते ती."

पळाली नाही. पुढं खालांनी कातडी पट्टा पाण्यात भिजवायला सांगितला. चाचांनी भिजवला. तो ताणून लांब झाला आणि चाकावरून घसरायला लागला. मग त्यांनी सांगितलं, खालच्या दात्यांवर राख घाला, कापड पकडेल. चाचांनी चुलीतली राख आणून घातली. मी डोक्याला हात लावला. कुसुम तर खवळली. "चाचा, हे आपल्याच पोटावर पाय देणं आहे," ती म्हणाली. चाचांनी राखेचे हात झटकले. "आजपर्यंत तिचं ऐकलं, तेव्हा बरोबर होतं म्हणून ऐकलं होय?" ते म्हणाले. "बरोबर आलं, ते आपलं नशीब."

नेमकं त्याच सुमाराला पावस गावच्या एका बागायतदारांकडून काम आलं. मुलीचं लग्न मार्गशीर्षात, तिच्याबरोबर सासरी द्यायच्या गोधड्या. गाठोडी बैलगाडीतून आली. इतकं मोठं काम चाचांकडे पूर्वी आलं नव्हतं, आणि मशीन आता नाटकात नव्हे, खरोखरच मेली होती. चाक हातानं फिरवलं तरी फिरेना.

शेवटी मीच बाजारातून एका मिस्त्रीला घेऊन आलो. चाचांनी नको म्हटलं नाही. गाठोड्यांकडे तेवढं बघितलं. मिस्त्री तरुण, हुशार, बडबड्या. त्यानं मशीन उघडली आणि नाक धरलं. "चाचा, ही मशीन की भजी तळायची कढई?" रॉकेलनं त्यानं एकेक भाग धुतला, राख खरवडली, पट्टा कापून आखूड केला, बेतशीर तेल घातलं. मग स्वतःच बसून चिंधीवर टीप मारून दाखवली. मशीन अशी चालली, की मी ती इतकी हलकी चालताना कधी ऐकली नव्हती. मिस्त्री मोठ्यानं म्हणाला, "आता वर्षभर कोणाला काही विचारायला नको!"

आत खाटेचा आवाज झाला. चाचा आत गेले. मी दारातून पाहिलं. डाव्या कोपरावर जोर देऊन खालांनी कशीबशी कूस वळवली होती, तोंड भिंतीकडे केलं होतं. चाचा खाटेच्या कडेला बसले. "काय झालं गो?"

खाला म्हणाल्या, "कोण आलाय तो?"

"मिस्त्री हाय."

"त्याला सगळं येतं?"

चाचांनी खालांच्या अंगावरची गोधडी सारखी केली.

"मग बरं झालं," खाला म्हणाल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. कुसुमनं पेज करून नेली, चमचा तोंडाशी धरला, त्यांनी दात मिटून घेतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीला निघालो तर चाचा पडवीत मशीनसमोर उभे होते आणि त्यांच्या हातात खोबरेलाची बाटली होती. मी थांबलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाटली पालथी केली, सगळी. मग खुर्चीवर बसून त्यांनी आरोळी दिली. आवाज फुटका आला, पण दिला.

आत खाट करकरली. मग खाला हळूच म्हणाल्या, "मला विचारता काय?"

"मग कोणाला विचारू?"

त्या दुपारी त्यांनी पेज घेतली.

पुढं काय व्हायचं ते झालं. मशीन पुन्हा अशी बसली, की तो मिस्त्री आळीतून जाताना मान फिरवून जाऊ लागला. चाचा दाभण घेऊन हातानं शिवायला बसले. पण हातानं किती होणार? लग्न जवळ आलं तेव्हा पावसहून माणूस आला. झालेल्या गोधड्या घेतल्या, उरलेली गाठोडी गाडीत भरली आणि चार शब्द सुनावून गेला. चाचांनी ते उभं राहून ऐकून घेतलं. माणूस गेल्यावर म्हणाले, "बरोबर बोलला. पोरीचं लग्न हाय त्यांच्याकडं." त्यानंतर मोठं काम त्यांच्याकडे कोणी आणलं नाही. आळीतल्या बायका एखाददुसरं ठिगळ, एखादी फाटलेली गोधडी आणून द्यायच्या. ते खालांच्या खाटेशी बसून हातानं ती दुरुस्त करायचे. मशीन पडवीत तशीच उभी. रोज सकाळी ते ती फडक्यानं पुसत.

थंडीचे दिवस होते. मला कसलीशी सुट्टी होती. दुपारी कुसुमनं खालांसाठी खीर दिली, ती घेऊन मी खाली गेलो. चाचा खाटेशी जमिनीवर बसून शिवत होते. मी वाटी ठेवून जरा टेकलो. खालांना डोळा लागला होता. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि चाचांकडे टक लावून बघितलं. मग डाव्या हातानं डोक्यावरचा पदर नीट ओढून घेतला, परक्या माणसासमोर ओढावा तसा.

"मिस्त्री, आलात?" त्या म्हणाल्या.

चाचांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खालांकडे. "आलो, बाई."

"मशीन बघितलीत?"

"बघितली."

"तिला काय झालेलं नाय. चांगली हाय ती." खालांनी दाराकडे बघितलं, कोणी ऐकत नाही ना, असं. "आमचे घरवाले बंदरावर गेलेत. ते यायच्या आत तुमाला सांगते. ते मुद्दाम करतात."

"काय करतात?"

"सुई उलटी लावतात. दोरा सैल करतात. मला आवाजावरनं कळतं ना. सुरवातीला खरंच येत नव्हतं त्यांना. मग यायला लागलं, तरी करतात." त्या थांबल्या, धाप लागली होती. "शिडं शिवलेला माणूस तो. त्याला सुई कळत नाय होय?"

चाचांनी गोधडी मांडीवरून बाजूला ठेवली. "मग तुमी बोलला नाय कधी?"

"कशाला बोलू? मी ओरडले की त्याला बरं वाटतं. गप्प राहिले की भितो तो. दारात येऊन येऊन बघतो." खाला हसल्यासारख्या झाल्या. अर्धंच तोंड हललं. "दांडगा दिसतो नुसता. तुमी त्याला यातलं काय सांगू नका."

"नाय सांगणार, बाई."

"आणि मशीन फार नीट करू नका."

"नाय करणार."

खालांनी मान हलवली आणि डोळे मिटले. जरा वेळानं मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "चाय घेऊन जा हां, मिस्त्री. बाहेर मांडलेली असंल."

"घेतो," चाचा म्हणाले.

खालांचा श्वास पुन्हा संथ होईपर्यंत आम्ही दोघं हललो नाही. मग चाचांनी गोधडी पुढ्यात ओढली. दाभणातला दोरा संपला होता. नवा दोरा त्यांनी ओठांत धरून ओला केला, दाभण उजेडाकडे धरलं आणि नेढ्यात घालायला गेले. दोरा बाजूनं गेला. पुन्हा घातला, पुन्हा गेला. दाभणाचं नेढं म्हणजे केवढं मोठं असतं.

त्यांनी दोरा आणि दाभण दोन्ही माझ्यापुढे धरलं, तोंड मात्र दुसरीकडे ठेवून.

"भाऊसाहेब, ओवून द्या जरा."

मी ओवून दिला.